डोकावणारे

फोटो काढून घ्यायला समोर उभा राहिलेला माणूस मला कधीच आवडला नाही. तो श्वास रोखतो, पोट आत घेतो आणि चेहरा असा करतो की खटल्यातला आरोपी आपणच आहोत हे त्याला नुकतंच कळलं असावं. याउलट दाराआडून, खांबाआडून, कडब्याच्या गंजीमागून जो अर्धाच दिसतो, त्याचा सगळा जीव डोळ्यांत आलेला असतो. म्हणून मी जन्मभर फोटो काढले ते डोकावणाऱ्यांचेच. माझी बायको याला छंद म्हणत नाही. तिचा शब्द वेगळा आहे आणि तो फौजदारी कायद्यातला आहे.

सुरुवात झाली 1974 च्या उन्हाळ्यात. आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होतं आणि मी कॉलेजातून सुट्टीला घरी आलो होतो. मामेभावाकडून मागून आणलेला आगफा क्लिक थ्री गळ्यात होता. एका रोलमध्ये बारा फोटो. दहा फुटांच्या आत माणूस आला की तो धूसर व्हायचा, त्यामुळे कॅमेऱ्यालाही आपोआपच मर्यादा पाळावी लागे. त्या बारांत कणगीतून डोकं काढलेला शेजारचा पोरगा होता, कोनाड्यातलं मांजर होतं, कौलातली खार होती (खार म्हणजे, खार नुकतीच निघून गेलेलं कौल होतं), आणि कडुनिंबाच्या ढोलीतले दोन पिंगळे होते. स्टुडिओवाल्यानं अकराच फोटो छापून दिले. म्हणाला, "बारावा बिघडला भाऊ. त्याच्यात नुसतं दारच आलं." तो बारावा मी मागून घेतला. त्याचं नंतर सांगतो.

पिंगळ्याचं आधी सांगायला हवं, कारण डोकावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. ढोलीच्या तोंडाशी येऊन तो तुमच्याकडे असा बघतो, जणू एखादा सेवानिवृत्त हेडक्लार्क तुमच्या अर्जातली चूक शोधतो आहे. भुवया पांढऱ्या, मान खालीवर. मला वाटायचं, काय ऐट आहे! पुढे एका जाणत्या माणसानं सांगितलं की मान खालीवर करतो तो ऐटीनं नव्हे. तो अस्वस्थ झालेला असतो, समोरचं संकट किती अंतरावर आहे ते जोखत असतो. म्हणजे ज्याला मी पोज समजत होतो ते त्याच्या दृष्टीनं पंचनामा करणं होतं, आणि पंचनाम्यातलं संकट मी होतो.

याचाच एक चुलतभाऊ आहे, रानपिंगळा. 1884 नंतर तो कोणाला खात्रीनं दिसलाच नव्हता. 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना तो दिसला. तब्बल 113 वर्षं लपून राहिला बिचारा, आणि सापडल्याबरोबर पहिली गोष्ट काय झाली असेल, तर त्याचा फोटो काढला गेला! पुढच्या वर्षी, 1 जुलै 1998 ला, शहाद्याचा नंदुरबार जिल्हा झाला आणि त्याच दिवशी आमच्या वाशीमचाही. रानपिंगळ्याचा आणि आमचा संबंध एवढाच. पण वाशीमकर संबंध सोडत नाही.

आता प्रश्न असा की लपलेल्याचा फोटो काढावा का? हसू नका. लपणाऱ्याला दिसायचं नसतं आणि डोकावणाऱ्याला बघायचं असतं. 'माझा फोटो काढा' असं दोघांपैकी एकानंही म्हटलेलं नसतं. मग तो फोटो आपल्याला इतका गोड का वाटतो? मला वाटतं, 'सापडलास!' या आनंदामुळे. लपंडावात हा आनंद न्यायाचा असतो, कारण लपणारा खेळायला कबूल झालेला असतो. दोन वर्षांचं पोर पडद्यामागे लपतं तेव्हा पडद्याखाली त्याची पावलं दिसत असतात. आपण मुद्दाम "कुठे गेलं बरं?" म्हणत सगळं घर धुंडाळायचं. फार वेळ सापडलं नाही तर ते रडतं. त्याचा फोटो खुशाल काढा. ते सापडण्यासाठीच लपलेलं आहे.

मोठमोठेही यातून सुटलेले नाहीत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं 1932 मध्ये ब्रुसेल्सला एक फोटो काढला. कापडी कुंपणाच्या भोकातून एक गृहस्थ आत बघताहेत आणि शेजारचे मिशाळ गृहस्थ, कोणी आपल्याला पाहत तर नाही ना, म्हणून तिरका डोळा करून उभे आहेत. त्याच वर्षी पॅरिसच्या स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा जगप्रसिद्ध फोटो निघाला, तोही कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीत कॅमेरा घालूनच. आणि हेच महाशय स्वतःचा फोटो मात्र कोणाला सुखासुखी काढू देत नसत! डोकवायचं दुसऱ्याच्या अंगणात आणि आपल्या दाराला आतून कडी.

तसं फटीतून बघण्यात दरवेळी चोरीच असते असं नाही. आमच्या जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे. 1981 पासून 2023 पर्यंत ते कुलपात होतं आणि भाविक लहानशा झरोक्यातून दर्शन घेत. झरोक्यातून बघायचं तर माणसाला वाकावं लागतं. कॅमेऱ्यातून बघणारा मात्र एक डोळा मिटतो आणि वाकत नाही. निदान मी तरी वाकलो नव्हतो, कारंजाला जाईपर्यंत.

कारंजा लाडजवळ कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य आहे. 2000 साली झालं, अठरा चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त, बहुतेक गवताळ माळ. पुतण्यानं नवा कॅमेरा घेतला होता. त्याची लेन्स बघून वाटेत दोघांनी आम्हाला मोजणीवाले समजून जमिनीची तक्रार सांगितली. काळवीट डोकावण्यातलं नव्हे. ते उघड्यावर राहतं आणि संकट दिसलं की सरळ पळतं. पण त्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू पहिले काही दिवस गवतात दडून बसतं. आम्हाला ते दिसलं. दोन कान, एक ओला डोळा, बाकी सगळं गवत. मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो फोटो समोर होता. पुतण्या गुडघ्यावर बसला. बरोबरचा वनमजूर मात्र पाठ फिरवून दुसरीकडेच बघत उभा. मी विचारलं, "इकडं पिल्लू आहे, तिकडं काय पाहता?"

त्यानं बोट दाखवलं. दूर एक मादी उभी होती. तीही आमच्याकडे नाही, पिल्लाकडे नाही, भलतीकडेच बघत होती.

"थे माय व्हय त्याची. इकडं पाह्यलं तं जागा समजते नं, म्हून पाहत नाही. तुम्ही जितका येळ उभे राहसान सायेब, तितका येळ थे पिल्लू उपाशी राह्यते."

नीतिशास्त्रावरची दोन-तीन जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. एकाही पुस्तकात प्रश्न इतका पोटाशी आणून ठेवलेला नाही. पुतण्यानं तोफ खाली घेतली. एक फोटो तोवर निघाला होता, हेही कबूल करतो. चांगला आला आहे.

तर तो बारावा फोटो. तो आमच्या मोठीआईचा होता.

मोठीआई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पंचविशीच्या आत कपाळ मोकळं झालं आणि ती जी स्वयंपाकघरात गेली ती ओसरीवर परत आलीच नाही. ओसरीवर पत्ते रंगले, कोणी पाहुणा आला, रेडिओवर गाणं लागलं, की चौकातल्या दाराच्या फटीत तिचा अर्धा चेहरा दिसे. लग्नामुंजीत फोटोवाला आला की, "दूध उतू जाईल," म्हणून ती आत पळे. इतकं दूध आमच्या घरात कधी येत नसे. त्या उन्हाळ्यात दुपारचं ऊन दारावर होतं, ती डोकावली आणि मी खटका दाबला. "काय करून राहिला रे?" एवढंच म्हणाली. दार लागलं. तो फोटो तिनं कधी मागितला नाही, मी कधी दाखवला नाही.

1991 मध्ये ती गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून सगळ्या पेट्या उपसल्या. एका ग्रूपफोटोत तिचं कोपर सापडलं. माझ्याकडे अर्धा चेहरा होता आणि मी गप्प बसलो. जन्मभर जिनं दार धरलं तिला चार माणसांत पाटावर बसवायचं मला अवघड वाटलं, असं मी स्वतःला सांगतो. दुसरं कारण असं की कोणीतरी विचारलं असतं, "तिला विचारून काढलास का?"

परवा माझ्या नातीला तो फोटो जुन्या शब्दकोशात सापडला. ती म्हणाली, "आजोबा, दार काढून टाकू? उरलेला चेहरा मोबाईल करून देतो." मी काही म्हणायच्या आत दार गेलंसुद्धा. मोबाईलनं मोठीआईला दुसरा गाल दिला, कानात कुडी घातली, कपाळाला टिकली लावली आणि वर थोडं हसवलं. नात म्हणाली, "किती छान दिसतात!" दिसत होतीच. पण त्या बाईंना मी ओळखत नव्हतो. त्यांच्या घरचं दूध कधी उतू गेलं नसावं.

मी तिला ते पुसायला लावलं. तिनं पुसलं, पण मग विचारलं, "त्यांना यायचं असेल बाहेर तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मोठीआई पडद्यामागच्या पोरासारखी होती की गवतातल्या पिल्लासारखी? भिंग घेऊन मी तो फोटो पुन्हा पाहिला. ती पत्त्यांच्या डावाकडे बघत नाही. सरळ माझ्याकडे बघते आहे, आणि दार नेहमीपेक्षा बोटभर जास्त उघडं आहे. की दुपारच्या वाऱ्यानं ते तेवढं सरकलं होतं, कोण जाणे.

शेवटी फोटो आहे तसाच, दारासकट, चौकटीत बसवला. लावला तो आमच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागच्या भिंतीवर. दार लोटलं की दिसतो, उघडलं की दाराआड जातो. पाहुणे आले की आम्ही ते दार उघडंच ठेवतो.