चिंच भिजेपर्यंत

आधी बसा. गॅस नंतर पेटवू.

भिवंडीत शांतता मिळायची नाही. मागांची खटखट भिंतीतून येतच राहणार. ती थांबायची वाट पाहू नका. तिच्याच ठेक्यावर श्वास घ्या. थोड्या वेळाने ती ऐकू येईनाशी होते. इथे वाढलेल्या माणसाला तर माग थांबले की जाग येते.

आता मांस. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीवर आहे, तेव्हा इथल्या खाटकाकडे 'बडे का' म्हणजे म्हशीचंच. नळीजवळचा, शिरांचा तुकडा, अर्धा किलो. पातेल्यात गार पाणी, मांस, आल्याचा ठेचलेला तुकडा. आच बारीक. वर राखाडी फेस येईल, तो पळीने काढा, पुन्हा येईल, पुन्हा काढा. कुकरमध्ये अर्ध्या तासात होतं, हे मलाही ठाऊक आहे. आज नको. दोन तास आहेत आपल्याकडे.

वाटीत लिंबाएवढी चिंच घ्या, वर कोमट पाणी ओता आणि हात काढून घ्या. नुसतं बघा. कडेने तपकिरी धागा सुटतो, खाली जातो, पसरतो. आंबा पिकला की आंबटपणा सोडून देतो. चिंच सोडत नाही. पिकताना गोडी चढते, पण आंबट होतं ते तिथेच राहतं. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. अरबांनी फळाला 'तमर हिंदी' म्हटलं, हिंदचा खजूर. व्हिएतनामात तिला 'मे' म्हणतात, आणि तिच्या आंबट पाण्यात अननस, टोमॅटो, भेंडी घालून जो रस्सा होतो तो 'कान चुआ'. 'चुआ' म्हणजे आंबट. मेकाँगच्या मुखाकडे तो बहुतेक माशाचा करतात, आज आपण मांसाचा करतोय. आपल्या आगरी कालवणाची लांबची मावशीच म्हणा.

कान चुआत अळूच्याच कुळातलं एक जाड, स्पंजासारखं देठ पडतं. इथे जरा थांबायचं आहे.

तिकडे ते देठ अगदी शेवटी घालतात, कुरकुरीत ठेवतात. मी पहिल्यांदा तसंच केलं, बाजारातल्या अळूच्या देठी चिरल्या, एक उकळी दिली आणि खाल्लं. रात्रभर घसा खवखवत होता. त्यांचं देठ खाजत नाही, आपलं खाजतं. फदफदं करणाऱ्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. तेव्हा देठी घ्या, नख लावून साल ओढा. पातळ, लांब पट्टी निघते, मागे ओलसर हिरवा मऊपणा राहतो. बोटांना खाज वाटली तर तीही बघा, घाईने पुसू नका. (नंतर चिंचेचं पाणी चोळा.) देठी वेगळ्या भांड्यात, भिजलेली चिंच कुस्करून निघालेला थोडा कोळ घालून, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कुरकुरीतपणा सोडून द्यायचा.

दोन तास झाले असतील. मांसात सुरी घाला. अडथळ्याशिवाय गेली पाहिजे.

आता बाकीचं भराभर. टोमॅटोच्या फोडी, अननसाचे तुकडे, भेंडी, शिजलेल्या देठी. तिकडे माशांचं खारवलेलं पाणी घालतात. ते नसेल तर मीठ आणि चिमूटभर भाजलेला जवळा. शेवटी मोड आलेले मूग, मिरची, तळलेला लसूण.

उरलेला कोळ मात्र हळू. एक डाव घाला, ढवळा, चाखा. जिभेच्या कडा आकसल्या का? आणखी अर्धा डाव. पुन्हा चाखा. अननसाची गोडी आधी लागते, मग आंबट, आणि बऱ्याच मागून मांसाचा दाट, जड स्वाद. तिन्ही वेगवेगळे कळेपर्यंत गिळू नका.

गॅस बंद करा. भात वाढा. बाहेर माग चालूच आहेत.