संन्याशाची पोरे आणि बालमनावरील घाव



काशीच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात अनेक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे राहतात. या काशीशी महाराष्ट्रातील चार बालकांचे दुःखही जोडलेले आहे. परंपरा सांगते की, विठ्ठलपंतांनी काशीत संन्यास घेतला. ते विवाहित आहेत हे कळल्यावर गुरूंनी त्यांना गृहस्थाश्रमात परत पाठवले. पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही अपत्ये झाली. समाजाने त्यांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले, वाळीत टाकले, मुंज नाकारली. आई-वडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला. मुले पोरकी झाली, तरी छळ थांबला नाही.

यात त्या मुलांचा दोष कोणता होता? काहीच नाही.

हे आजही घडते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचे आढळले. छळ म्हणजे केवळ मार नव्हे. सतत टाकून बोलणे, दुर्लक्ष करणे, लैंगिक अत्याचार करणे हाही छळच.

मूल सर्वस्वी मोठ्यांवर अवलंबून असते. ‘मोठी माणसे चुकीची आहेत’ असे मानले तर त्याचा आधारच जातो. म्हणून ते मनाशी ठरवते, ‘मीच वाईट आहे.’ शरीर सदैव सावध राहते, झोप उडते, अभ्यासात चित्त लागत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की, बालपणी असे आघात जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांचे प्रमाणही अधिक.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, दुसऱ्याचे कर्ज मुलाच्या खात्यावर चढवले जाते आणि ते आयुष्यभर व्याज भरत राहते. ही नोंद दुरुस्त करणे हीच बरे होण्याची सुरुवात आहे.

सत्संगात कुणी असे दुःख सांगितले तर आपण चटकन म्हणतो, “प्रारब्ध आहे, क्षमा कर, विसरून जा.” हेतू चांगला असतो, पण त्या शब्दांनी दोष पुन्हा पीडिताच्याच माथी येतो. क्षमा आतून उमलते, ती आज्ञेने येत नाही. ज्ञानदेवांनीही एकदा व्यथित होऊन ताटी लावून घेतली होती. मुक्ताबाईंनी ती ताटी मोडली नाही. दाराशी राहून त्या त्यांना प्रेमाने साद घालत राहिल्या.

आपणही तेच करूया. ऐकावे, विश्वास ठेवावा, “यात तुझी चूक नव्हती” असे स्पष्ट सांगावे. डोळे मिटून ध्यानाला बसल्यावर कुणाला जुनी भीती दाटून येत असेल तर डोळे उघडे ठेवून नामस्मरण करू द्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास साथ द्यावी. साधना हा आधार आहे, उपचारांना पर्याय नाही. एखादे मूल आज संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. आणि आपलाच हात मुलावर उगारला जात असेल तर तो तिथेच थांबवावा.

१२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानदेवांनी पसायदानात साऱ्या विश्वाचे कल्याण मागितले. मात्र छळामुळे संत घडतात असे कुणी समजू नये. छळ होऊनही ही भावंडे उभी राहिली, कारण ती एकमेकांना घट्ट धरून होती. आपल्या आसपासच्या प्रत्येक मुलाला असे धरून ठेवणारे कुणीतरी मिळो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.