स्वस्त गोळी म्हणजे कमी माया का?



गेल्या गुरुवारी सत्संग झाल्यावर चहा घेताना आमच्या इंदूरच्या मंडळातल्या एका ताईंनी मनातलं सांगितलं. सासूबाईंच्या बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं बिल महिन्याला २,४०० रुपये. घरात कुणी कधी कुरकुरलं नाही. पण एकदा औषधांचा डबा आवरताना महिना संपूनही अर्ध्या गोळ्या शिल्लक दिसल्या. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी एक दिवसाआड घेते. तुमचा खर्च मला दिसत नाही का?"

आम्ही सगळ्या गप्प झालो.

कुणीतरी जनऔषधीचं नाव काढलं. ताई म्हणाल्या, "ह्यांना पटत नाही. म्हणतात, आईला स्वस्तातलं औषध देऊ?"

प्रश्न इथेच आहे. किंमत म्हणजे माया का?

गोळीला दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं, दुसरं आतल्या औषधाचं. शुगरची मेटफॉर्मिनच घ्या. कितीतरी कंपन्या ती आपापल्या नावाने विकतात, आत औषध तेच. जास्तीच्या पैशात कंपनीच्या नावाचा आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचवण्याचा खर्चही असतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांत औषधं मूळ नावाने, बरीच स्वस्त मिळतात. माल केंद्रात येण्याआधी प्रयोगशाळेत तपासला जातो.

मात्र आपल्या मनाने बदल करायचा नाही. डॉक्टरांना सरळ विचारावं, "ह्याचं जेनेरिक चालेल का? मूळ नाव लिहून द्याल का?" घेताना नाव आणि मिलीग्रॅम चिठ्ठीशी जुळवून बघावं. फिट्स, थायरॉईड अशा औषधांत तर विचारल्याशिवाय कंपनीही बदलू नये. विचारण्यात कमीपणा कसला?

हे ऐकून ताईंना वाटलं, नव्या गोळ्या गुपचूप जुन्या डब्यात ठेवाव्यात. आईंना कळणारही नाही, आणि आहे तर त्यांच्या भल्यासाठीच. आम्हालाही क्षणभर पटलं. पण सासूबाईंनीही तुमच्या भल्यासाठीच लपवलं होतं ना? एका लपवाछपवीवर दुसरी लपवाछपवी हा काही उपाय नव्हे.

शेवटी मुलगा, सून आणि सासूबाई तिघंही डॉक्टरांकडे गेले. दोन गोळ्या बदलल्या, एक डॉक्टरांनी तीच ठेवली. बिल निम्म्याहून खाली आलं. सासूबाई आता रोज गोळी घेतात आणि कॅलेंडरवर खूण करतात.

आम्हाला उमगलं ते इतकंच: महाग औषध आणून दिलं की आपलं मन शांत होतं, पण ते पोटात गेलं का, हे बघणं ही खरी सेवा. खर्च झेपत नसेल तर तो बोलून दाखवणं हेही प्रेमच.

ह्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांजवळ बसून औषधांचा डबा उघडू या. हिशेब मागायला नव्हे, विचारपूस करायला.