न उतरण्याचं कारण

गेल्या वर्षी माझ्या एका शिक्षक मित्राने डिप्रेशनच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. 'सेरोटोनिनचं सगळं खोटं निघालं, आता शास्त्रज्ञच सांगतात,' असं मेहुण्याने त्याला ऐकवलं होतं. आठवडाभर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके. पुढे महिन्याभरात जुनंच सुरू झालं. पहाटे तीनला जाग यायची, आणि वर्गात फळ्याकडे केलेलं तोंड मुलांकडे वळवायचं बळ उरायचं नाही. त्या वाक्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. चांगली वाचणारी माणसंही हल्ली ते विजयी सुरात बोलतात.

या वाक्याला आधार आहे तो जुलै २०२२ मध्ये 'मॉलिक्युलर सायकिअॅट्री' या नियतकालिकात आलेल्या जोॲना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांच्या आढाव्याचा. मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी पडतं म्हणून नैराश्य येतं, याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असं त्यांनी दाखवलं. हे मला मान्य आहे. 'रासायनिक असंतुलन' हा शब्द डॉक्टरांनी आणि कंपन्यांनी फार सैल वापरला, हेही मान्य. पण गोळ्यांनी रुग्णाला बरं वाटतं की नाही, हे त्या आढाव्यात तपासलेलंच नव्हतं. मॉन्क्रिफबाईंचे गोळ्यांवरचे आक्षेप वेगळे आहेत, आणि ते वेगळेच तपासायला हवेत.

शिवाय इथे क्रम उलटा धरला जातो. सिद्धांत आधी आणि त्यातून औषध, असं घडलेलंच नाही. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना आयप्रोनायाझिड दिलं, तेव्हा ती खंगलेली माणसं उत्साहाने हिंडू-फिरू लागली. इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा गुण रोलंड कून या स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांना दुसऱ्याच आजारावर ते वापरून पाहताना दिसला. आपल्या सर्पगंधेचाही यात भाग आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातलं रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खचताना दिसले, आणि तेच रेसर्पिन प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन घटवतं हेही कळलं. अशा निरीक्षणांवरून मागे जात जात सिद्धांत रचला गेला. तो ढासळला तरी निरीक्षणं जागेवरच राहतात. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांचा हिशेब छापला. तपासलेली सगळी २१ औषधं बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. फरक बेताचाच होता आणि बहुतेक चाचण्या जेमतेम दोन महिन्यांच्या होत्या, हे लपवण्याचं कारण नाही.

हाड मोडतं ते प्लास्टर नव्हतं म्हणून नव्हे. तेवढ्यावरून कुणी प्लास्टर फेकून देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आजार का चढला आणि तो का उतरत नाही, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या आयुष्यात सापडतं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांविषयी लिहिलं. मोठा आघात, त्यात जिवाभावाचं बोलायला कुणी नाही, पदरी तीन-तीन लहान मुलं, बाहेर काम नाही, अशा बायकांना नैराश्य सहज गाठत होतं. पण एकदा चढलेलं नैराश्य स्वतःच्या बळावर टिकतं. झोप मोडते, म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही; बाहेर पडत नाही, म्हणून काही गोड लागत नाही; गोड लागत नाही, म्हणून आपणच नालायक वाटतो, आणि रात्री तेच डोक्यात फिरतं. हे चक्र कुठूनही अडवता येतं. जिथून ते सुरू झालं तिथूनच अडवायला हवं, असं नाही.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने नेमकं हेच केलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना पुन्हा रोजच्या कामांकडे, माणसांकडे वळवलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर होते. नेहमीच्याच, थोड्या सुधारित उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. समुपदेशक कुणाचं कर्ज फेडू शकत नव्हते, कुणाच्या नवऱ्याची दारू सोडवू शकत नव्हते. गोळीचं कामही मला याच जातीचं वाटतं.

'सकारात्मक विचार करा' म्हणणाऱ्यांना, पाय मोडलेल्याला चालायला सांगू नये, एवढंच सांगतो. समाजच आजारी आहे म्हणणाऱ्यांविषयी मात्र मला आदर आहे. पण तेही पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने दुसरा सोडवू पाहतात, आणि समाज सुधारेपर्यंत रुग्णाने पहाटे तीनला काय करायचं, हे सांगत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. अशा देशात मिळालेला उपचार कुणाच्या हातून काढून घेताना हात थरथरायला हवा.

मित्राचा आजार चढला तो लांबच्या शाळेत बदली झाल्यावर, आई गेली त्याच वर्षी. बदली अजून रद्द झालेली नाही. त्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि रोज संध्याकाळी शेजाऱ्याबरोबर तळ्यापर्यंत चालायचं ठरवलं. पहिले पंधरा दिवस शेजारी त्याला जवळजवळ ओढून नेत होता. या दिवाळीनंतर डॉक्टर मात्रा थोडी थोडी कमी करून पाहणार आहेत.