मेसेज खरा आहे, पण कोणासाठी?



आजचा श्लोक : गीता, अध्याय १७, श्लोक १५. विषय आहे वाणीचं तप. भगवंत बोलण्याला चार अटी घालतात : ऐकणाऱ्याच्या मनाला त्रास होऊ नये, बोलणं खरं असावं, गोड असावं आणि त्याच्या हिताचं असावं. चारही एकदम हव्यात.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव भागात अतिवृष्टी झाली. उभी पिकं पाण्यात गेली. असं काही झालं, की फोनवर विम्याचे मेसेज सुरू होतात : 'संकट सांगून येत नाही. आजच पॉलिसी घ्या.' यात खोटं काय? काहीच नाही. मग चीड का येते?

कारण ज्याचं घर आज भिजलंय, त्याला ही पॉलिसी आजच्या नुकसानीचा एक रुपयाही देणार नाही. झालेलं नुकसान नव्या विम्यात बसत नाही. म्हणजे मेसेज त्याच्यासाठी नाहीच, त्याच्या भीतीसाठी आहे. आता दुसरा मेसेज बघा : 'गाडीत पाणी शिरलं असेल तर स्टार्ट करू नका. फोटो काढा, लगेच कळवा.' हाही कंपनीचाच, हाही न मागता आलेला. पण वाचून माणूस सावरतो. न मागता बोलणं हा दोष नाही, दोष कुठेतरी दुसरीकडे आहे.

माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये. या श्लोकावर त्यांचा दृष्टान्त आहे : पाणी सोडलेलं असतं झाडासाठी, गवत त्यावर आपसूक जगतं. एकाला सांगितलेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं, असा त्याचा अर्थ. मला त्यात कंपनीचा नफाही दिसतो. तो गवतासारखा जगला तर काही पाप नाही. पण पाटच गवताकडे वळवला, तर झाडाने काय करायचं?

ट्रायच्या २०२५ च्या नियमानुसार एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक अक्षर येतं : जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', सरकारीला 'जी'. नियम मेसेजचा प्रकार सांगतो. हेतू ज्याचा त्याने तपासायचा.

आणि इथे आपणही आलो. कुणावर संकट आलं, की आपण लगेच 'देव परीक्षा घेतो' पाठवतो, खाली सत्संगाची लिंक, देणगीचा क्यूआर. नाव भगवंताचं, पण अक्षर 'पी'च ना?

आजची साधना एवढीच. दुःखात असलेल्या माणसाला काही पाठवण्याआधी त्यातून आपलं नाव, आपला ग्रुप, आपली लिंक काढून बघा. उरलेलं त्याच्या कामाचं असेल तर जरूर पाठवा. काहीच उरत नसेल, तर सरळ फोन करा आणि विचारा, "जेवलास का?"

जय हरी!