प्रमाण एकास पंचवीस

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने संध्याकाळी डोळ्यास भिंग लावून प्लास्टिकच्या चाकांवर कानस चालवीत बसावे, हे दृश्य आमच्या घरच्या मंडळींस हास्यास्पद वाटते. आणि ते तसे आहेही. परंतु ह्या उद्योगात मला जो प्रश्न पडला तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडतो.

प्रतिकृती सेंचुरियन ह्या ब्रिटिश रणगाड्याची आहे. प्रमाण एकास पंचवीस. शिझुओका येथील तामिया ह्या जपानी कारखान्याने ती फार वर्षांपूर्वी काढली होती. असले जुने खोके उघडले की वार्धक्याचे सारे दोष दिसू लागतात. साच्याच्या सांध्यांतून बाहेर आलेल्या कडा तासाव्या लागतात; वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ करावा लागतो; चिन्हांचे कागद पिवळे पडलेले असून पाण्यात सोडताच त्यांचे तुकडे होतात. मग रंगकाम. प्रथम एक सपाट थर, त्यावर खाचाखाचांतून उतरणारा पातळ काळपट रंग, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवरून फिरविलेला फिकट हात. एवढ्याने प्लास्टिकचे पोलाद होते! हा आनंद ज्याने घेतला नाही त्यास तो सांगून समजावयाचा नाही.

प्रेतासारख्या ज्या वस्तू प्रत्यक्षात पाहवत नाहीत, त्यांच्या हुबेहूब चित्राकडे मनुष्य सुखाने पाहतो, हे अॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात नमूद केले आहे. आपल्याकडेही भयानक व बीभत्स ह्यांस रसांच्या पंक्तीत पाट मिळालेला आहे. एच. जी. वेल्सची गोष्ट तर फारच बोधक. १९०३ साली ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ह्या कथेत त्याने रणगाड्यासारखे यंत्र कल्पिले. १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे पुस्तक लिहिले, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे, असे त्यात प्रतिपादिले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या रणांगणावर खरे रणगाडे अवतरले. ह्यात वेल्सचा अपराध नाही. तथापि खेळात युद्धाची हौस फिटते, हा त्याचा भरवसा मला तरी धरवत नाही.

माझी अडचण मात्र निराळी होती. मी वाटेल त्या सेंचुरियनची नव्हे, एका विशिष्ट रणगाड्याची प्रतिकृती करावयास घेतली होती. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीजवळच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ज्या ‘फामागुस्ता’त होते, तो. रणगाड्याने पेट घेतल्यावर तो सोडण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि पुढच्या आघातात मरण पावले. वय अवघे २१. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. प्रसंग असा असल्यामुळे आगीच्या खुणा रंगविणे क्रमप्राप्तच होते. कोळशाची वस्त्रगाळ पूड बोटाने चोळून तीन संध्याकाळ मी काजळी धरविली. तिसऱ्या दिवशी ती इतकी सुरेख साधली की माझ्या तोंडून ‘वाहवा’ निघून गेले.

शेजारी चिलखती दलातून निवृत्त झालेले एक रिसालदार राहतात. ते त्याच वेळी आले. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. बुरुजावरचे न चिकटविलेले झाकण नखाने उचलून ते आत डोकावले.

“सर, आत कोणी नाही?”

“नाही. आतले दिसत नाही, म्हणून काही बसविले नाही.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि झाकण हलकेच खाली ठेविले. चहा होईपर्यंत आम्ही पावसापाण्याच्या गोष्टी बोललो.

ते गेल्यावर मी हिशेब करीत बसलो. खऱ्या यंत्राचे वजन सुमारे ५१ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्हींस पंचवीसांनी भागले, म्हणजे वजनास १५,६२५ ने भागावयाचे. उत्तर सव्वातीन किलोच्या आसपास येते. हे गणित तोफेस लागू पडते, चाकास लागू पडते. त्या झाकणाखालच्या चौघांस कोणत्या संख्येने भागावयाचे?

कोणी म्हणेल, मग कवीने युद्ध वर्णू नये, शिल्पकाराने वीराचा पुतळा घडवू नये. हा आक्षेप मला मान्य नाही. कवी झाकण उघडून आत उतरतो. निदान त्याने उतरावे अशी आपली अपेक्षा असते. माझ्या कलेची सारी सचोटी बाहेरच्या पत्र्यावर खर्च होते. रिव्हेट मोजताना मी कधी लबाडी केली नाही. आतली जागा मात्र ‘दिसत नाही’ म्हणून सोडून दिली, आणि बाहेरच्या काजळीला दाद दिली. खोटे बोलण्याची ही रीत मला पूर्वी ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने मी काजळी पुसून काढली व नुसती धूळ ठेविली. खाचांतली थोडी राहिली आहे. ती ब्रशाच्या टोकानेही निघत नाही. ‘फामागुस्ता’ हे नाव लिहिण्याचा बेत सोडला आहे. पूना हॉर्सचे चिन्ह काढावे की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. रिसालदारांस विचारावे असे दोनदा मनात आले, पण धीर झाला नाही.