पाचवी चिमणी

(संत मत्तय १०:२९-३१, संत लूक १२:६-७)



दसरा झाला, सोयाबीनच्या राशी झाल्या, हरभरा आणि ज्वारीची पेरणी चालू आहे. सकाळी हवेत गारवा जाणवू लागला आहे. या दिवसांत आपल्या शिवारात पाहुणे येतात. विजेच्या तारांवर भोरड्यांच्या रांगा बसतात. ओढ्याकाठी शेपटी हलवत धोबी पक्षी चालू लागतो. माळावरून, जमिनीला अगदी लागून, भोवत्या नावाचा ससाणा तरंगत जातो. भोरड्या आणि भोवत्या मध्य आशियाकडून येतात. त्यांना पंचांग कोणी दिले नाही. करकोचाला आणि पारव्याला आपली वेळ कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही, अशी खंत यिर्मया संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात आहे, ती या दिवसांत वाचण्यासारखी आहे.

पाहुणे येतात त्याच सुमारास त्यांची गणती करणारेही बाहेर पडतात. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. राज्य शासनाने २०२० मध्ये तो जाहीर केला. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून महिन्यात, ते आपल्यातून गेले असे अनेकांना आठवत असेल. १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी जगभरातले पक्षीमित्र एकाच दिवशी पक्षी मोजतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. हे काम करणारे बहुतेक लोक पगारी नसतात. कोणी शिक्षक, कोणी बँकेत कारकून, कोणी कॉलेजची मुले. पहाटे उठायचे, दुर्बीण आणि वही घ्यायची, तळ्यावर किंवा माळावर जायचे आणि जे दिसेल ते लिहायचे.

रविवारच्या पत्रकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. विषय प्रभूनेच काढला आहे. चिमण्यांचा बाजारभाव त्याने आपल्याला दोन ठिकाणी सांगितला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका दमडीला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. आपल्यापैकी जे बाजारात बसतात त्यांनी हा हिशेब करून पाहावा. दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. मग पाचवी कुठून आली? ती वर टाकलेली आहे. भाजीवाली जुडीबरोबर चार मिरच्या वर टाकते, तशी. तिची किंमत शून्य आहे, आणि प्रभू सांगतो की देवाला त्या पाचांतल्या एकीचाही विसर पडलेला नाही. चिमणी मरणारच नाही असे आश्वासन त्याने दिलेले नाही, हेही लक्षात घ्या. मत्तयमध्ये तर ती जमिनीवर पडते. ती पडते तेव्हाही पित्याला ठाऊक असते, एवढेच तो म्हणतो. त्यानंतर लगेच आपल्या डोक्यावरच्या केसांचा विषय निघतो. तेही मोजलेले आहेत.

हे वचन एका अर्थाने सालिम अलींच्या चरित्रावरही छापले गेले आहे. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तिथून त्यांच्या आयुष्याची वाट ठरली. १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यांनी नाव ठेवले ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे चिमणीचे पडणे. ते शब्द इंग्रजी नाटकातून आले असले तरी त्यांचे मूळ मत्तयच्या दहाव्या अध्यायातच सापडते. आपल्या उदगीरकरांसाठी आणखी एक गोष्ट. तेव्हा उदगीर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होते. त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये केली. म्हणजे आपल्या मुलखातल्या पाखरांची शिस्तशीर नोंद करण्याचे काम स्वातंत्र्याच्याही आधीचे आहे.

आता ही गणती कशी करतात ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याच्या नियमांत आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटे द्यायची. त्या वेळात दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक जातीचा पक्षी लिहायचा. सगळ्यात कठीण नियम हाच आहे. नवखा माणूस तळ्यावर गेला की लांबून आलेली देखणी बदके लिहितो, आणि काठावरची टिटवी, बाभळीवरचा कावळा, टपरीच्या पत्र्यावरची चिमणी सोडून देतो. ती तर रोजचीच! पण रोजची सोडली की यादी खोटी ठरते. दुसरा नियम, ओळखू आला नाही तर अंदाजाने नाव ठोकायचे नाही. तिसरा, थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, दहा पक्षी केवढी जागा घेतात ते डोळ्यांत भरून घ्यायचे आणि त्या मापाने पुढे सरकायचे. भोरड्यांचा थवा संध्याकाळी आभाळात वळणे घेऊ लागला की या मापाचीही परीक्षा होते. चौथा नियम आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. जिथे काहीच दिसले नाही, तिथली रिकामी यादीही जपून ठेवायची. न दिसणे हीसुद्धा नोंद आहे.

अशा नोंदी लाखो झाल्या की त्यांतून सत्य बोलू लागते. देशभरातल्या तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांपैकी २०४ जाती कमी झालेल्या आढळल्या. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, म्हणजे चास, त्यांत आहे. माळरानावरच्या आणि शिकारी पक्ष्यांची अवस्था अधिक वाईट आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक आपल्याला जवळचा. त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. अलीकडच्या गणनांत तिथे एखाददुसराच माळढोक दिसला आहे. तरीही माणसे जातात, मचाणावर दिवसभर बसतात आणि जे असेल ते लिहितात.

याच मोजणीने आपली एक रडकथाही खोटी ठरवली. चिमण्या संपल्या असे आपण सगळे म्हणतो. मोठ्या शहरांत त्या घटल्या हे खरे. पण देशभराचा विचार करता त्यांची संख्या बऱ्यापैकी टिकून आहे असे नोंदी सांगतात. उसासे टाकायला पुरावा लागत नाही, मोजायला मात्र पहाटे उठावे लागते.

गिधाडांचे तसे झाले नाही. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आभाळातून गिधाडे उतरत. हा देवणी आणि लाल कंधारी गुरांचा मुलूख, इथे त्यांना काम कमी नव्हते. मग ती दिसेनाशी झाली, आणि कुणाला फारसे वाटलेही नाही, कारण गिधाडाची आठवण कोण काढतो? पण काही लोकांनी १९९१ ते १९९३ या काळात देशातल्या रस्त्यांवरून प्रवास करत शिकारी पक्षी मोजून ठेवले होते. २००० मध्ये पुन्हा त्याच रस्त्यांवर मोजले, तेव्हा केवढा नाश झाला ते कळले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारामागे एकावर आली. कारणही सापडले. दुखणाईत जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पहिली गणती झालीच नसती तर दुसरीला अर्थ उरला नसता. आपल्यामुळे एखादी जात नाहीशी व्हावी आणि तिच्या असण्याने देवाची होणारी स्तुती थांबावी, असा अधिकार आपल्याला नाही, हे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात बजावले आहे.

मोजण्याचीही एक वाईट तऱ्हा असते. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात दावीद राजा प्रजेची गणती करायला लावतो. सेनापती यवाब त्याला परोपरीने सांगतो की हे करू नका. राजा ऐकत नाही. नऊ महिने वीस दिवस गणती चालते, आणि मोजतात कोणाला? फक्त तलवार चालवणाऱ्या पुरुषांना. बायका, मुले, म्हातारे, लंगडे यांची संख्या राजाला नको होती. गणती पुरी झाल्यावर दावीदाचे मन त्याला खाऊ लागले. मेंढपाळाची गणती याच्या अगदी उलट. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभा राहून तो एकेक मेंढरू आत घेतो. शंभरावे आले नाही हे त्याला कळते ते मोजल्यामुळे. नव्व्याण्णवांच्या गर्दीत एक कमी आहे हे नुसत्या नजरेला दिसत नाही.

बंधुभगिनींनो, इथे आम्हांला आपल्या घरच्या गोष्टीकडे यायचे आहे. पाखरे आपल्या शिवारात उतरतात, त्याच महिन्यात बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातून माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रकवर भांडी, अंथरूण, पेटी, शेळी आणि पोरे चढतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. तिथे त्यांची गणती कशी होते? नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दोन माणसे, चार हात, दोन नावे, आणि वहीत आकडा एक. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, मग फडात जाते, मोळ्या डोक्यावर वाहते, रात्री कोपीत परत चूल पेटवते. तिचे नाव त्या आकड्यात शोधावे लागते. एकाने आजारपणाने दिवस मोडला तर खाडा दोघांच्या नावावर. लहान भावंडाला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची पोर तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. ती वर टाकलेली आहे.

म्हणून विनंती अशी. आपल्या धर्मग्रामातून किंवा शेजारच्या वस्तीतून जी घरे या हंगामात बाहेर जात आहेत, मग ती आपल्या चर्चची असोत वा नसोत, त्यांची नोंद जाण्यापूर्वी करू या. कुटुंब एक, असे लिहू नये. प्रत्येकाचे नाव लिहावे. बाईचे नाव वेगळे, तिच्या स्वतःच्या नावाने. मुलांची नावे, वये, इयत्ता. म्हातारी आजी मागे राहत असेल तर तिचे नाव, आणि तिच्याकडे कोण जाऊन येणार त्याचेही. कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार, मुकादम कोण, फोन कोणाकडे आहे. माहिती त्यांच्या संमतीनेच घ्यावी आणि वही पाद्रीसाहेबांकडे राहावी. ज्यांची मुले शाळेसाठी मागे ठेवता येतील त्यांना कोणाच्या घरी जागा आहे, तेही कळवावे. पक्षी मोजणाऱ्यांचा नियम इथेही लागू आहे. माहीत नसेल तिथे अंदाजाने भरू नका, रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना दिसला की कोणीतरी विचारायला जाईल.

आणि तरुण मंडळाने पाखरेही मोजावीत. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्राणी आणि पाखरे आदामापुढे आणली ती नावे ठेवण्यासाठी, आणि आपल्या पूर्वजांनी ते काम किती प्रेमाने केले पाहा. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला पाणपक्षी दिसला, त्याला त्यांनी वारकरी म्हटले. चोचीवर पिवळे-तांबडे दिसले, तर त्या बदकाला हळदी-कुंकू. ही नावे आजीला विचारून घ्या, ती पुस्तकातल्या नावांपेक्षा लवकर तोंडी बसतात. पक्षी सप्ताहात एखाद्या सकाळी हाळी-हंडरगुळीकडे तिरू प्रकल्पावर किंवा देवर्जनच्या तलावावर जाता येईल. तेही नको असेल तर उदगीरच्या किल्ल्याचा परिसर आहे, आपल्या घरामागचा लिंब आहे. दोघांनी मोजावे, एकाने लिहावे. दुर्बीण नसली तरी चालते. पाण्याच्या फार जवळ जाऊन थवा उठवू नये, कुणाच्या ज्वारीत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये, घरट्याला हात लावू नये. वेळ, जागा, किती जण होते हे आधी लिहावे. त्याखाली नावे, आणि नावापुढे आकडा. उजाडल्यावर पहिला तासभर पाखरे जास्त बोलतात, तेव्हा मिस्साच्या आधी निघालेले बरे. परत येताना चर्चच्या आवारातल्या चिमण्या राहिल्या असतील तर त्याही लिहून घ्याव्यात.